पी.टी.च्या बाईंना विचारा : फायनल बघून झाली, आता पुढे काय?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलला हरमनप्रीतच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला. एरवी तुम्ही मला गुडघे, टाचा आणि पोट यांबद्दल विचारता. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रांत विश्वचषक, ऑलिम्पिक, राष्ट्रकुल. कुणी म्हणतं, बघून अंगात आलंय, टिकेल का? कुणी म्हणतं, हा सगळा टीव्हीवाल्यांचा धंदा, सामान्य माणसाला त्याचं काय? गुडघेवाल्यांनी या वेळी जरा थांबावं. कराडकडच्या एका हायस्कुलात शिट्टी फुंकण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे उत्तरं मैदानावरची आहेत. अभ्यासकांनी जिथं मोजमाप करून ठेवलंय, तिथं तेही सांगते.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. सेमीफायनलला जेमिमानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या ती मॅच आणि नंतरची फायनल, दोन्ही आम्ही घरातल्या सगळ्यांनी बघितल्या. तेव्हापासून हिनं धोशा लावलाय, बॅट घ्या, क्लास लावा. हिच्या पप्पांचं म्हणणं, चार दिवसांचं खूळ आहे, मागे हार्मोनियमही असाच माळ्यावर गेला. काय करू? — एक आई, विटा

उत्तर : ताई, खूळ आहे हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मान्य आहे. पण मैदानावर आलेलं एकही पोर मी विचारपूर्वक आलेलं बघितलं नाही. सगळी खुळानंच येतात. माझा अनुभव असा, की मोठी मॅच बघून आलेला जोर दोन-तीन आठवडे पुरतो. तेवढ्या दिवसांत तिला खेळायला जागा आणि बरोबर खेळायला चार मुली मिळाल्या तर ती राहते. नाही मिळाल्या तर बॅट हार्मोनियमच्या शेजारी जाते.

म्हणून आधी बॅट घेऊ नका. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट यांच्या नादाला तर मुळीच लागू नका. एक टेनिस बॉल आणा. भिंतीवर मारायचा आणि परत आलेला झेलायचा, एवढंच तिला पहिले आठ दिवस करू दे. तुम्ही शेजारी उभं राहून एकच गोष्ट बघा. बॉल तोंडाच्या उंचीला आला की नवखं पोर डोळे मिटून मान फिरवतं आणि हात नुसतेच पुढे धरतं. मुलगेही फिरवतात, पण ते गल्लीत पाचव्या वर्षापासून मार खाऊन शिकलेले असतात. तुमच्या मुलीला ती शाळा मिळालेली नाही. मान फिरवायची थांबली की समजा निम्मं क्रिकेट आलं. मग अंडरआर्म टाकून तिला एखाद्या हलक्या बॅटनं खेळवा, शेजारच्या पोराची मागून आणली तरी चालेल. बॅट तिच्या उंचीची हवी, 'पुढे वाढेल' म्हणून मोठी घेऊ नका. पोरी मनगटानं लोढणं ओढायला लागतात आणि खांदा दुखला की खेळ सोडतात. सीझन बॉलचं नाव सहा महिने काढू नका.

आता जरा अवघड भाग. स्मृती मानधना तुमच्याच जिल्ह्यात वाढली. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती. तिनं हातात बॅट धरली ती कुठला विश्वचषक बघून नव्हे, तर भावाला खेळताना बघून. तो वयोगटातल्या संघातून महाराष्ट्राकडून खेळायचा, वडील जिल्हा पातळीवर खेळलेले. म्हणजे घरात नेट्सला जायची वेळ ठरलेली, कोण सोडणार, कोण आणणार हे ठरलेलं, आणि मुलीनं संध्याकाळी मैदानावर असण्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. हे सगळं प्रत्येक घरात नसतं. तुम्हाला ते जमवावं लागेल.

माझ्या खो-खोच्या संघातून मुली गळायच्या त्या बहुतेक सातवी-आठवीत. खेळ नकोसा झाला म्हणून गळालेली मला क्वचितच सापडली. मैदानाजवळ संडास नव्हता. परत येताना अंधार पडायचा. पाळी सुरू झाली की आई म्हणायची, आता पुरे. म्हणून क्लास बघायला गेलात तर कोच कुठल्या लेव्हलचा आहे हे नंतर विचारा, आधी संडास बघा, त्याला आतून कडी आहे का तेही बघा. बाकी मुली किती आहेत विचारा. एकटीच असेल तर दुसरी शोधून तिच्याबरोबरच पाठवा. २०२२ सालचा अंदाज असा आहे, की भारतातल्या प्रौढ बायकांपैकी ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के आहे. हा पंधरा टक्क्यांचा फरक मला तरी त्या सातवी-आठवीतच पडताना दिसलाय.

आणि हो, यजमानांना रविवारी बॉलिंग टाकायला लावा. 'खूळ' म्हणणारी माणसं एक टप्पा आउटवर वाद घालायला लागली की बदलतात.

प्रश्न : २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही आपले प्रयत्न चालू आहेत. दर वेळी सांगण्यात येतं की अशा स्पर्धांमुळे जनता खेळाकडे वळेल. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ताळेबंद बघितल्याशिवाय समाधान होत नाही. याला काही पुरावा आहे का? — एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : साहेब, ताळेबंदच हवा तर लंडनचा बघा. त्यांनी २०१२ च्या ऑलिम्पिकच्या आधीपासून मोजायला सुरुवात केली होती, म्हणून तिथं तोंड लपवायला जागा नाही.

२००५ साली सिंगापूरला यजमानपद मागताना लंडनकरांनी सगळा भर यावरच दिला होता, की आमच्याकडे स्पर्धा द्या, जगभरातली तरुण मुलं खेळाकडे वळतील. स्पर्धेचं घोषवाक्यही पिढीला प्रेरणा द्या, अशाच अर्थाचं. तिथल्या सरकारनं आणखी वीस लाख लोकांना सक्रिय करण्याचं लक्ष्य जाहीर केलं. पुढे सरकार बदललं आणि ते लक्ष्य गाजावाजा न करता सोडून दिलं गेलं. स्पोर्ट इंग्लंड ही तिथली सरकारी संस्था. आठवड्यातून एकदा तरी खेळणारे किती, याची ती मोठी पाहणी करायची. २००५-०६ मध्ये असे प्रौढ साधारण १ कोटी ४० लाख होते. २०१२ च्या सुमारास दीड कोटीच्या वर गेले. छान! पण तिथून पुढे गाडी हलेना, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात आलेल्या आकड्यांत दोन लाखांहून जास्त घट. सगळ्यात मोठी गळती पोहण्यात. ज्या देशानं स्पर्धेसाठी नवा देखणा तलाव बांधला, तिथं पोहणारे कमी झाले.

असं का झालं? एक कारण मला, शाळेत नोकरी केलेल्या बाईला, चटकन दिसतं. ऑलिम्पिकच्या दोन वर्षं आधी, २०१० मध्ये, तिथल्या सरकारनं शाळाशाळांना खेळासाठी जोडणाऱ्या योजनेच्या १६ कोटी २० लाख पौंडांवर कुऱ्हाड चालवली. ओरड झाल्यावर थोडे परत दिले. म्हणजे एका हातानं पोरांना टीव्हीसमोर बसवून प्रेरणा द्यायची, आणि दुसऱ्या हातानं त्यांना मैदानावर नेणारा माणूस काढून घ्यायचा.

एकट्या लंडनचीच ही गत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर, २०२१ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑलिम्पिकच्या यजमान देशांतल्या आकड्यांचा धांडोळा प्रसिद्ध झाला. स्पर्धेमुळे लोकांच्या शारीरिक हालचालीत ठोस, टिकाऊ वाढ झाल्याचं त्यातून दिसलं नाही. अभ्यासकांचं आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते मला तंतोतंत पटतं. अशा स्पर्धांनी हलतात ती आधीच खेळणारी किंवा पूर्वी खेळून सोडलेली माणसं. खेळणारा थोडा जास्त खेळतो, सोडलेला परत येतो. जो कधीच खेळला नाही, तो बघतो, टाळ्या वाजवतो आणि चॅनल बदलतो. तसं नसतं तर एवढं क्रिकेट बघणारा आपला देश नुसता खेळाडूंनी ओसंडून वाहिला असता.

आता परदेश पुरे, घरचं बघू. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, काही सामने नवी मुंबईत होते. त्याआधी १५ सप्टेंबरला आपल्या राज्य सरकारनं टूम काढली, की राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा. शाळांना फुटबॉल वाटले गेले. त्या दिवशी आमच्या मैदानावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. बायका-बाप्ये कुंपणाशी उभे. पी.टी.च्या तासाला पोटात दुखणारी मुलंसुद्धा बॉलमागे धावत होती. मराठीच्या मॅडम गोलकीपर! पायात चपला, काहींच्या पायात तेही नाही, आणि एका बॉलमागे चाळीस पोरं, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. मला खरंच भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काय? शेजारच्या एका शाळेतली गोष्ट सांगते, नाव नको. तिथं आलेले फुटबॉल डेडस्टॉक रजिस्टरला चढले. शाळेत नोकरी केलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. डेडस्टॉकला चढलेली वस्तू फाटली, हरवली तर ज्याच्या ताब्यात, त्याच्या गळ्यात. फुटबॉल ही तर फाटण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू. तिथले सर शहाणे, त्यांनी बॉल कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात. दिवाळीनंतर मी सामन्यांच्या कामानं गेले तेव्हा कपाटातच बघितले, हवा गेलेले, वरचं छापील नाव कोरं करकरीत. पंप होता, पण पंपाची पिन नव्हती. दहा-वीस रुपयांची पिन! ती कुठल्या हेडखाली घ्यायची हे ठरेपर्यंत विश्वचषक इंग्लंडनं जिंकला होता.

सरांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. त्यांच्याकडे तेव्हा खेळाबरोबर भूगोलही होता आणि मतदारयादीचं कामही. पण तुम्ही पुरावा मागितलात, आणि माझ्यापुरता पुरावा त्या कपाटात होता. पोरांची इच्छा एका दिवसात जागी झाली होती, त्यात खोट काढायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इच्छेला हवा भरलेला एक बॉल हवा होता.

म्हणून अहमदाबादच्या स्पर्धांना माझा विरोध नाही. होऊ देत, मी पहिल्या रांगेत बसून बघेन. २०१० ला दिल्लीत आपल्या नाशिकच्या कविता राऊतनं दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा टीव्हीसमोर मी इतकी ओरडले होते की शेजारीण धावत आली. भारतानं तेव्हा १०१ पदकं जिंकली होती. आनंद हाही खर्चाला पुरेसं कारण असू शकतो, घरातल्या लग्नाला आपण कुठं उत्पन्नाचा तक्ता मांडतो! मात्र जनतेच्या तब्येतीच्या नावानं पैसे मागितले, तर तुम्ही बँकवाल्या माणसानं ताळेबंदात एक ओळ शोधावी : स्पर्धा संपल्यावर सकाळी सहा वाजता त्या मैदानाचं फाटक कोणासाठी उघडेल, आणि दिव्यांचं बिल कोणत्या खात्यातून जाईल. ती ओळ सापडली तर मला कळवा.

प्रश्न : आम्ही पूर्व लंडनमध्ये राहतो, मूळचे ठाण्याचे. ऑलिम्पिकचा सामान्यांना उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माझा मुलगा ऑलिम्पिकच्या तलावात पोहायला शिकला. आम्हाला ठाण्यात असा तलाव कधी परवडला असता का? — एक वाचक, लंडन

उत्तर : तुमचं पत्र वरच्या उत्तराला चांगला उतारा आहे, म्हणून मुद्दाम छापायला सांगितलं. स्ट्रॅटफर्डचा तो तलाव स्पर्धेनंतर पाडला नाही, की बड्या लोकांच्या क्लबला दिला नाही. बाजूचे तात्पुरते प्रेक्षकसज्जे काढले, २०१४ मध्ये लोकांसाठी खुला केला आणि तिकीट आसपासच्या साध्या तलावांच्या बरोबरीचं ठेवलं. तुमचा मुलगा पोहतो तो या तीन निर्णयांमुळे. २०१२ ला तिथं कुणी किती पदकं घेतली हे त्याला विचारून बघा, सांगता येणार नाही! देशभरात पोहणारे घटले आणि तुमच्या वस्तीत पोरं पोहायला लागली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुम्ही लंडनला आहात तर एक काम करा. शनिवारी सकाळी बुशी पार्कला जाऊन या. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं तेरा जण पाच किलोमीटर धावले, कुणीतरी वेळ टिपली, नंतर कॉफी प्यायले. पुढच्या शनिवारी परत. फी नाही. शिट्टी वाजवायला, वेळ घ्यायला त्यांच्यातलेच लोक. त्याचंच पुढे पार्करन झालं आणि जगभर पसरलं. लंडनला ऑलिम्पिक मिळाल्याचं तेव्हा ठरलंही नव्हतं. त्यात चालणारेही असतात, ढकलगाडीत बाळ घेऊन येणाऱ्या आयाही असतात, आणि शेवटून पहिलं यायची कुणाला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो. त्या शेवटच्या माणसाची कल्पना मला सगळ्यात आवडते. माझ्याकडे असे दोन-तीन असते तर वर्गातली निम्मी जाडी पोरं पी.टी.ला घाबरली नसती.

प्रश्न : वय ५३, कापडाचं दुकान. दर ऑलिम्पिकला मला स्फुरण चढतं. टोकियोला नीरज चोप्राचा भाला बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागलो, पोटरी धरली. पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला पदक मिळालं, नवे बूट घेतले, ते अजून नवेच आहेत. माझं काय चुकतं? — बार्शी

उत्तर : भाऊ, तुम्ही चुकीच्या माणसाशी बरोबरी करताय. नीरजचा टोकियोतला भाला ८७.५८ मीटर गेला. आमच्या शाळेत नव्या पोराच्या हातात पहिल्यांदा बांबूचा भाला दिला की तो पंधरा मीटरच्या आत पडतो, तोही आडवा. त्या पोरानं रात्री नीरजला बघितलं असेल तर सकाळी आपल्या आडव्या भाल्याची त्याला जास्तच लाज वाटते. थोर खेळाडू बघून काही लोक उठतात तसे काही लोक बसतातही, हे कुणी सांगत नाही. नेमबाजी बघून पळायचे बूट का घेतलेत, हे मात्र मला कळलेलं नाही.

तुम्हाला पळायचं नाही, चालायचंय. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. वेग असा की शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दुकानदाराला सकाळ जमत नसेल तर दुकान बंद केल्यावर घरी लांबच्या रस्त्यानं जा. दिवसा गादीवरून उठून वरच्या फळीवरचे तागे स्वतः काढा, पोऱ्याला सांगू नका. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि एकट्यानं चालू नका. समोरच्या दुकानदाराला पकडा, तो रोज 'काय शेठ, येताय ना?' म्हणाला की तुम्हाला जावंच लागेल. लॉस एंजलिसचं ऑलिम्पिक २०२८ च्या जुलैत आहे, तोवर हे बूट झिजलेले असावेत.

प्रश्न : आमच्या गावात प्रो कबड्डीनंतर पोरं परत मैदानावर आली. मग मोठ्या स्पर्धांचा उपयोग होतो असंच म्हणायला हवं ना? — चिपळूणजवळचा एक जुना खेळाडू

उत्तर : होतो की! तुमच्या गावात झाला, कारण तुमच्या गावात मैदान होतं, मंडळ होतं आणि तुमच्यासारखे जुने खेळाडू शिव्या द्यायला हजर होते. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा कोकणातल्या पोरांना कबड्डी नव्यानं शिकवावी लागली नाही. एवढंच झालं, की कबड्डी खेळतो असं सांगायची लाज गेली, पाठीवर नंबर आले. वाळलेल्या झाडाला पाणी घालून उपयोग नाही, तुमचं झाड मुळात जिवंत होतं. खो-खोचंही बघते आहे मी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही कर्णधार आपल्याकडचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. खो-खो जिथं चालू होता तिथं गर्दी वाढली. जिथं पोल काढून त्या जागी गाड्या लावतात, तिथं काही फरक नाही.

एक तक्रार मात्र आहे. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची छोटी स्पर्धा करून बघितली आणि तिथंच सोडून दिली. तुमच्या मैदानावर परत आलेल्या पोरांत मुली किती, हे पत्रात नव्हतं.

प्रश्न : बाई, आम्ही तुमच्याच तालुक्यातले. १५ जानेवारी २०२६ ला खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं होतात, राज्य क्रीडा दिनही तोच. मंडळातर्फे मॅरेथॉन घ्यायचं ठरलंय. टी-शर्ट, मेडल, डीजे, उद्घाटनाला आमदार. यातून गावातले लोक व्यायामाला लागतील का? काही सूचना? — एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते

उत्तर : पोरांनो, घ्या जरूर. शंभर वर्षं काही दर साल होत नाहीत. पण खाशाबांचं नाव घेताय तर त्यांची गोष्ट पुरती लक्षात ठेवा. १९५२ ला हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवल्याचं सांगतात. परत आल्यावर गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आपल्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. आणि महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कधी मिळालं? २०२४ ला, स्वप्नीलला. बहात्तर वर्षांनी. तेही मिरवणूक बघून आलं नाही. हा राधानगरी तालुक्यातला मुलगा २००९ मध्ये सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं त्याच्या हाती रायफल आली, रोजचा सराव आला. खाशाबांच्याही घरात कुस्ती होती, वडील पैलवान होते.

तर सूचना. मॅरेथॉन म्हणू नका, ४२ किलोमीटर तुम्ही कुणीच पळणार नाही. तीन किलोमीटर ठेवा, चालणाऱ्यांसह. नावनोंदणी महिनाभर आधी घ्या आणि नोंदणी केलेल्यांना दर रविवारी सकाळी मैदानावर बोलवा. तारीख डोक्यावर असली की माणूस तयारी करतो. नुसत्या बघायच्या स्पर्धेत आणि भाग घ्यायच्या स्पर्धेत मोठा फरक हाच. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून चालू आहे. जानेवारीतल्या त्या एका सकाळपेक्षा, त्यासाठी पावसाळ्यापासून पळणाऱ्यांचे जे गट गावोगाव झाले, त्यांची मला जास्त किंमत वाटते.

डीजे रद्द करा. मला आवाजाचा त्रास होतो म्हणून नव्हे, होतोच, पण त्या पैशात मैदानाच्या दोन कोपऱ्यांना दोन एलईडी फ्लडलाइट बसतील. दिवा लागला तर संध्याकाळी सातला बायका चालायला येतील. मागे एका गावात सरपंचबाईंनी असाच एक दिवा लावून घेतला होता. पहिल्या आठवड्यात चार-पाच जणी भिंतीकडेनं, पदर घट्ट धरून. महिन्याभरात जावा-नणंदांचा घोळकाच यायला लागला, मधेच कुणीतरी दोरी आणली, आणि साठीच्या एक काकू दोरीवर उड्या मारत होत्या. दिव्याचं मीटर कुणाच्या नावावर असेल ते आधी ठरवा, नाहीतर पहिलं बिल आलं की दिवा बंद. ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या.

आमदारांना झेंडा दाखवू दे, पण त्यांना तीन किलोमीटर चालायलाही लावा. जमलं तर फोटो मला पाठवा.

पुढच्या खेपेला गुडघे, टाचा आणि दमलेल्या कंबरा. पत्रात वय, काम उभ्याचं आहे की बसून, आणि दुखणं चढताना आहे की उतरताना, हे लिहायला विसरू नका. एक्स-रे पाठवू नका, मला ते वाचता येत नाहीत.